नकाशाबाहेरची टांचणी

आमच्या शाळेच्या लांब ओसरींत शालान्त वर्गांचीं छायाचित्रें ओळीनें टांगलेलीं आहेत. पालकसभेस येणारे कित्येक गृहस्थ तेथें क्षणभर थांबतात, आपला जुना चेहरा शोधून काढतात आणि शेजारीं उभ्या असलेल्या मुलाला तो बोटानें दाखवितात. त्या ओळींत इ. स. २०२० या वर्षाच्या जागीं मात्र दोन खिळे व त्यांच्यामध्यें नुसती भिंत आहे. ती जागा रिकामी राहण्यास माझा एक निर्णय कारण झाला. तेव्हां त्या वर्गाची हकीकत सांगणें हें माझेंच काम होय.

त्या वर्गाचा मी वर्गशिक्षक होतों व त्यास भूगोलही मीच शिकवीत असें. पटावर ४७ मुलें-मुली होतीं. आमच्या या भागाची जुनी ओळख म्हणजे मोरया गोसावींचें चिंचवड आणि पवनेचा कांठ. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती वाढत गेल्या. पुढें तोच ओघ चाकणकडे वळला. कामामागून माणसें आलीं व माणसांमागून मुलें आमच्या शाळेंत आलीं.

अशा घरांतील मुलांना एक विद्या फार लवकर अवगत होते. ती म्हणजे पावलांचा आवाज न करतां चालण्याची. वडील रात्रपाळी संपवून सकाळीं येतात व एकुलत्या एका खोलींत दिवसा निजतात. मग भांडें वाजूं द्यावयाचें नाहीं व धडा मोठ्यानें वाचावयाचा नाहीं. म्हणून त्या वर्गांतील दहा-बारा मुलें शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत वर्गांतच बसून अभ्यास करीत. आणि तेथें तीं इतक्या मोठ्यानें पाठांतर करीत कीं, शिपाईमामा कानांवर हात ठेवीत. एकदां मीं त्यांना दटाविलें. तेव्हां एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, घरीं दिवसभर सांठलेला आवाज असतो हा.” त्यानंतर मीं त्यांना कधीं दटाविलें नाहीं.

त्या वर्षीं दहावीच्या भूगोलांत भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना होती आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा होता. आम्ही चाकणला गेलों. संग्रामदुर्गाचे उरलेसुरले बुरूज दाखवून मीं १६६० सालची कथा सांगितली. फिरंगोजी नरसाळ्यानें थोडक्या शिबंदीनिशीं शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला या भुईकोटापुढें जवळजवळ दोन महिने कसें थोपवून धरलें, हें मी मोठ्या आवेशानें सांगत होतों. परंतु मुलांचें लक्ष रस्त्यानें जाणाऱ्या, नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्यांकडे होतें. इतक्यांत एकजण ओरडला, “ती माझ्या बाबांच्या लाइनवरची!” ती मोटार त्याच्या वडिलांच्या हातून गेली असेल किंवा नसेल, पण त्यानंतर जी जी गाडी गेली तिला साऱ्या वर्गानें हात हालविला.

लोकसंख्येचा पाठ आला तेव्हां मीं भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लाविला व प्रत्येकानें आपल्या आजोबांच्या गांवीं एक टांचणी टोंचावी असें सांगितलें. बीड, लातूर, धाराशिव या बाजूस इतकी दाटी झाली कीं, टांचण्या एकमेकींस भिडल्या. कांहीं जळगांवकडे, कांहीं कलबुर्गीस, दोन गोरखपुरास व एक ओडिशांतील गंजाम जिल्ह्यांत लागली. शेवटीं एक मुलगा टांचणी हातांत घेऊन नुसता उभा राहिला. १९४७ च्या फाळणींत त्याचें घराणें सिंध सोडून पिंपरीच्या निर्वासित छावणींत आलें होतें. तो हळूच म्हणाला, “सर, आमचें गांव या नकाशांत नाहीं.” मला उत्तर सुचेना. तेव्हां गंजामला टांचणी लावणारी मुलगी पुढें झाली. नकाशाची पश्चिमेकडील कड तिनें बोटानें चाचपली आणि म्हटलें, “येथें भिंतीवरच लाव. भिंत तर आपलीच आहे.” त्यानें ती टांचणी गिलाव्यांत दाबून बसविली.

आतां छायाचित्राविषयीं. जानेवारींत छायाचित्रकार दाराशीं आला असतां मींच त्याला परत पाठविलें. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. एक तासही वायां जाऊं नये असा माझा हट्ट. वर्गाला मीं सांगितलें, “शेवटचा पेपर संपला कीं त्याच दिवशीं मोकळ्या मनानें काढूं.” आपल्या शिस्तीचा मला थोडा अभिमानही वाटला. फेब्रुवारींत निरोपाची प्रार्थना झाली, भाषणें झालीं, आणि ३ मार्चला परीक्षा सुरू झाली. शेवटचा पेपर भूगोलाचा होता; तारीख २३ मार्च.

तो पेपर झालाच नाहीं. कोरोनाच्या सांथीमुळें तो प्रथम पुढें ढकलला गेला, मग २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, आणि एप्रिलमध्यें तो रद्द करून इतर विषयांच्या सरासरीनें गुण देण्याचें ठरलें. कारखाने थांबले; दिवसा निजणारीं घरें रात्रीही जागीं राहूं लागलीं. कोणाचें कुटुंब टेंपोनें गांवीं गेलें, कोणाचें पायीं, तर मे महिन्यांत श्रमिक गाड्या सुटूं लागल्यावर कोणाचें आगगाडीनें. मी हजेरीपट पुढें ठेवून एकेका घरीं फोन करीत असें. ज्या गांवीं टांचणी, त्याच गांवाहून पुष्कळदां उत्तर येई. नकाशा मीं शिकविला होता. तो खरा झालेला पाहण्याची मला इच्छा नव्हती.

जुलैच्या अखेरीस निकाल लागला. एका मुलाचें गणित व इंग्रजी बेताचें, पण भूगोलांत तो सर्वांत पुढें. सरासरीच्या नियमानें भूगोलांतही त्याला बेताचेच गुण पडले. नियम सर्वांना सारखाच होता, तरीही फोनवर तो म्हणाला, “सर, मला ब्राझीलच्या सगळ्या नद्या येतात.” मी म्हणालों, “मग सांग.” त्यानें ॲमेझॉनपासून आरंभ केला व एकही चुकविली नाहीं. त्या वर्षींचा भूगोलाचा पेपर माझ्यापुरता त्या एका मुलानें दिला.

पुढें दोनदां एकत्र जमून छायाचित्र काढण्याचें ठरलें. परंतु एकदां कित्येकांची पाळी आड आली, एकदां अंतर. त्यांतील कांहीं आतां चाकणला कामास आहेत व त्यांच्या घरचीं माणसें दिवसा पाय न वाजवितां चालतात. एका मुलीचे वडील सांथींत गेले. गंजामची मुलगी परत आलीच नाहीं. सर्व ४७ जणांना एका चौकटींत बसविणें आतां घडेल असें मला वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तेव्हांपासून आमच्या शाळेंत वर्गाचें छायाचित्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांतच निघतें. त्या तासाला धडा अपुरा राहिला तरी मी घड्याळाकडे पाहत नाहीं. बुडालेला तास पुढें भरून काढतां येतो. पालकांसही एवढीच विनंती कीं, ज्या दिवशीं मुलें सारीं एकत्र आहेत तो दिवस अभ्यासाच्या नांवाखालीं पुढें ढकलूं नका.

आणि २०२० च्या वर्गांतील कोणाच्या हातीं हा अंक पडला, तर त्यानें ओसरींतील त्या दोन खिळ्यांपाशीं थांबूं नये. सरळ टोंकाच्या वर्गांत यावें. नकाशा तेथें तसाच आहे. उन्हाळ्याच्या सुटींत भिंतीला रंग देतेवेळीं मी स्वतः उभा राहतों, आणि नकाशाबाहेरच्या त्या एका टांचणीभोंवतीं रंगारी जपून कुंचला फिरवितो.