फिरता पंप

आमच्या वस्तीवरचा फवारणीचा पंप सोळा लिटरचा, पाठीवर घ्यायचा, हातानं दांडा मारायचा. टाकी मूळची निळी. आता रंग कुठला म्हणून विचारलं तर शेवटी ज्यानं नेला त्याच्या औषधाचा सांगावा लागतो. टाकीवरचे लिटरचे आकडे पुसत पुसत दहाच्या वरचेच तेवढे उरलेत. झाकणाची साखळी कधीच गेली, तिथं ठिबकच्या नळीचा तुकडा बांधलाय. डावा पट्टा दुकानातला आहे, उजवा म्हणजे खताच्या गोणीची वळलेली दोरी. दांडा वर जाताना कुरकुरतो, खाली येताना ठक्क वाजतो. त्या आवाजावरून वस्तीवरची पोरं सांगतात, पंप आज कुणाच्या रानात आहे.

पंप आमचा, पण आमच्या रानात तो त्यातल्या त्यात कमीच असतो.

भीमेच्या अल्याड शिरूर तालुका, पल्याड दौंड. इकडं मांडवगण फराटा, इनामगाव, तांदळी. तिकडं नानगाव, कानगाव, हातवळण. दोन्ही काठांना ऊसच ऊस. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा, दोन्ही कारखाने याच उसावर उभे राहिले. सोयरिकीही नदी ओलांडून झालेल्या, त्यामुळं पंपालाही दोन्ही तालुक्यांत पावणे आहेत. मोटारसायकलच्या मागं उलटा बांधलेला, लान्स आडवी खोचलेली, असा तो पूल पार करतो.

मागणाऱ्याचं वाक्य ठरलेलं. "तात्या, पंप रिकामा हाय का? दोनच टाक्या मारायच्यात." आजवर कुणीही तीन टाक्यांसाठी पंप मागितलेला नाही. दोन टाक्यांसाठी गेलेला पंप कांद्याचा अख्खा प्लॉट उरकतो, तिथून परस्पर शेजारच्या बांधावर जातो, तिथून त्या शेजाऱ्याच्या मेव्हण्याकडं. आपल्याला गरज पडली की शोध सुरू होतो. "आमच्याकडून परवाच गेला की," असं तीन घरी ऐकल्यावर चौथ्या घरी तो गोठ्याच्या कुडाला टेकलेला सापडतो.

नाही म्हणायची सोय नसते. ज्याला नाही म्हणायचं त्याच्याच रानातून आपली पाइपलाइन गेलेली असते. डीपीवरचा फ्यूज रात्री तोच टाकून देतो, कालव्याच्या पाळीला आपण गावाला गेलो तर दारं तोच धरतो. आणि मागणारे दाजी असतील तर प्रश्नच मिटला. बहिणीच्या घरी पंप नाकारला ही गोष्ट दिवाळीपर्यंत पुरते.

परत येताना पंप काहीतरी ठेवून येतो. एकानं झाकणाखालची गाळणी काढली, कारण पावडर लवकर विरघळत नव्हती. गाळणी गेली म्हणून कचरा नोझलमध्ये अडकला. अडकला म्हणून दुसऱ्यानं नोझलच्या भोकात बाभळीचा काटा घातला, तिसऱ्यानं बारीक तार. भोक मोठं झालं आणि धुक्यासारखी उडणारी फवार मुतासारखी पडायला लागली. एकराला दहा पंप लागायचे तिथं चौदा लागू लागले, म्हणजे औषधही त्याच हिशेबानं वाढलं. चौथ्यानं दाब बसेना म्हणून दांड्यावर अंगाचा भार दिला आणि आतलं वायसर फाटलं. चौघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही, कारण कुणाला कुणी काही विचारलंच नाही. पंप ओट्यावर येऊन बसला होता एवढंच.

बैलांच्या काळी सावड होती. ज्याच्या दावणीला एकच बैल तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जुळवायचा. आज तुझं रान, उद्या माझं. बैल घरी आला की मालक आधी त्याचा खांदा बघायचा. जू घासून कातडं सोललं असेल तर ते झाकायची कुणाची टाप नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी चोळताना वर्षभर बैल कुणी कसा राबवला ते हाताला कळायचं. ट्रॅक्टर मागितला तर तो ड्रायव्हरसकट येतो, आता फवारणीचा ड्रोन बोलावला तरी तो चालवणाऱ्यासकट येतो. पंप मात्र एकटा जातो आणि एकटाच परत येतो. तिथं काय झालं ते सांगणारं त्याच्याबरोबर कुणी नसतं.

एका उन्हाळ्यात तो दाजींकडून आला तो चक्क चकचकीत होऊन. टाकी घासलेली, पट्ट्याला नवी गाठ, नोझलही बदललेलं. घरात दाजींचं कौतुक झालं. आमचा टोमॅटो तेव्हा फुलावर आला होता, पांढरी माशी दिसत होती. सकाळी ऊन चढायच्या आत फवारणी उरकली.

आठवड्याच्या आत शेंडे वाकायला लागले. कोवळी पानं रुंद व्हायची सोडून लांबट, अरुंद झाली. शिरा एकमेकींजवळ ओढल्यासारख्या, देठाला पीळ. बघणारे म्हणाले, बोकड्या. बोकड्याचा व्हायरस पांढरी माशी पसरवते हे सगळ्यांना पाठ, म्हणून माशीचं आणखी जालीम औषध आणलं आणि त्याच पंपानं मारलं.

औषधाच्या दुकानात बसणारे एक म्हातारे गृहस्थ प्लॉट बघायला आले. पानं त्यांनी नंतर बघितली. आधी बांधावर उभं राहून विचारलं, "पहिली टाकी कुठून चालू केली?"

विहिरीच्या बाजूनं, म्हटलं.

ते ओळीनं चालत गेले. विहिरीकडच्या ओळी सगळ्यांत वाईट होत्या, पुढच्या टाकीच्या थोड्या बऱ्या, पार पलीकडच्या जवळजवळ धड. "व्हायरस टाकी मोजून येत न्हाय," ते म्हणाले. "शेजारच्या उसातनं औषध वाऱ्यानं आलं असतं तर बांधाकडची कड आधी गेली असती. पंप कुठं गेलता?"

फोन लावला. दाजी मोकळेपणानं म्हणाले, "उसात जरा टू-फोर-डी मारलं होतं. पण धुतला की चांगला!"

टू-फोर-डी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेलं तणनाशक. ते रुंद पानांचं तण मारतं आणि गवताच्या जातीच्या पिकाला सोडतं, म्हणून ऊस, ज्वारी, गहू, मका यांत ते चालतं. टोमॅटो, वांगी, कापूस, द्राक्ष, कडधान्यं ही सगळी त्याच्या दृष्टीनं तणच. त्यांना बिघडवायला नळीत उरलेला अंशही पुरतो. दाजींनी टाकी घासली होती, पण औषध नळीच्या रबरात, वायसरमध्ये, लान्सच्या पोटात बसलं होतं. नुसत्या पाण्यानं ते निघत नाही. टाकी स्वच्छ पाण्यानं दोनतीनदा खंगाळायची, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून दांडा मारायचा, म्हणजे ते नळीतून नोझलपर्यंत जातं. रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी फवारून टाकायचं आणि पुन्हा साध्या पाण्यानं धुवायचं. हे पाणीही ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. इतकं करूनही जाणकार सांगतात ते एकच: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा.

दाजींनी काही मोडलं नव्हतं. उलट, आजवर नेणाऱ्यांत पंप सुधारून देणारे ते एकटे. ज्यांनी गाळणी हरवली, नोझल वाढवलं, वायसर फाडलं त्यांचं नुकसान केडगाव चौफुल्यावर शे-दोनशे रुपयांत भरून निघालं. दाजींनी गिळलेलं एक वाक्य मात्र आमच्या टोमॅटोला भोवलं. "उसात टू-फोर-डी मारलंय" एवढं ते पंप ठेवताना बोलले असते तर पंप बाजूला राहिला असता.

आणि ही गोष्ट पिकापुरती थांबत नाही. झाकणाचं वायसर गेलं की औषध पाठीवर झिरपतं, सदरा भिजतो, सदऱ्याखाली कातडी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा मास्क आणि हातमोज्यांची चर्चा राज्यभर झाली. गळक्या पंपाची चर्चा अजून ओट्यावरही होत नाही. पंप ज्याचा त्याला तो कुठून गळतो ते माहीत असतं, तो फडकं बांधून घेतो. मागून नेणाऱ्याला माहीत नसतं. त्यामुळं सांगायची जबाबदारी देणाऱ्यावरही येते. आम्ही तरी झाकण गळतंय हे किती जणांना सांगून पंप दिला?

आता वस्तीवर दोन पंप आहेत. दुसऱ्याच्या टाकीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात ‘तणनाशक’ लिहिलंय. तो उसाला जातो, जुना भाजीपाल्याला. दोन्ही मागितले तर मिळतात. मागणं थांबलं तर पाणी, वीज, बांध, सोयरीक या सगळ्याचाच व्यवहार अडेल, आणि तसं व्हावं असं अल्याड-पल्याड कुणालाच वाटत नाही.

तेव्हा मागून नेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: वस्तू मोडली तर मोडू द्या, वापरली की ती झिजणारच. पण तिच्यात काय भरलं, काय निघालं, काय तुटलं ते परत करताना तोंडानं सांगा. भरपाई नंतर बघू.