कॉन्व्हेंट आणि कानस

आमच्या वाशीम जिल्ह्यात कॉन्व्हेंट उघडायला चर्च लागत नाही, नन लागत नाहीत. टाय लागतो. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, कुठेही जा, देवांच्या नावाची कॉन्व्हेंट आहेत, वारकरी संतांच्या नावाची आहेत, संस्थाचालकाच्या आईच्या नावाचीही आहेत. सकाळी ऑटोत दाटीवाटीने बसलेली पोरं, पाठीवर दप्तर, गळ्यात इलॅस्टिकचा टाय. ओट्यावरची म्हातारी सुनेला विचारते, "पोट्टं कोन्या कॉन्व्हेंटात टाकलं वं?" यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

बाप त्या फीमध्ये नेमकं काय विकत घेतो, ते मात्र पाहण्यासारखं आहे. इंग्रजी घेतो, हे झालं वरवरचं. खरं म्हणजे तो पोराच्या शर्टाची पांढरी बाही विकत घेतो. सोयाबीनच्या वावरात त्याची नखं काळी झालेली असतात, पोराची तशी होऊ नयेत एवढीच त्याची इच्छा. हसण्यासारखं त्यात काही नाही. ज्याने आयुष्यभर हाताने काम केलं, त्यालाच हातकामाचा सगळ्यात जास्त कंटाळा असतो.

नवी मुंबईत, वाशीला, पुतण्याकडे राहायला गेलो, तेव्हा कॉन्व्हेंट म्हणजे पांढरी बाही, या समजुतीला पहिला तडा गेला. तिथे कुणी गाव विचारलं आणि मी "वाशीम" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोणतं सेक्टर?" वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न जिथे लागलं ते वत्सगुल्म, असं सगळं सांगायचं मनात यायचं. पण लोक घाईत असतात. तर त्या वाशीत फिरताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर यायचं. शाळेवर फादर अग्नेल, पॉलिटेक्निकवर अग्नेल. मला वाटलं, हे फादर मोठे इंजिनिअर असणार. युरोपातून आले असतील, पेटीत स्लाइड रूल घेऊन.

तसं काहीच नव्हतं. हे फादर म्हणजे आग्नेलो डिसोझा, आपल्या गोव्याचे, हणजुणेचे. जन्म 21 जानेवारी 1869. पिलारच्या टेकडीवरच्या जुन्या मठात 1897 साली ते एका अगदी लहान मिशनरी संस्थेत दाखल झाले. ही संस्था त्याआधी दहाच वर्षांपूर्वी निघालेली. 1898 मध्ये ते धर्मगुरू झाले. पुढे शिरोडा, सावर्डे या भागात प्रवचनं दिली, माणसांचे कबुलीजबाब ऐकले, दुखणाइतांच्या उशाशी बसले. शेवटची वर्षं राशोलच्या सेमिनरीत, धर्मगुरू होऊ घातलेल्या तरुणांचे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून गेली. 19 नोव्हेंबर 1927 रोजी प्रवचन देतानाच ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. या सगळ्या चरित्रात यंत्र म्हणून कुठे नाही. लेथ नाही, वर्कशॉप नाही. त्यांची संस्थाही विझत आली होती. 1939 साली तिने पुन्हा उभारी धरली, आणि त्याच वर्षी आग्नेलोंचे अवशेष राशोलहून पिलारला आणले गेले.

त्याच पिलारच्या परंपरेतले फादर कोन्सेसाव रॉड्रिग्ज मुंबईत आले आणि 1957 साली त्यांनी वांद्र्याला, बँडस्टँडच्या समुद्राच्या अंगाला, अग्नेल आश्रम सुरू केला. अनाथ आणि गरीब मुलांना राहायला जागा आणि शिकायला टेक्निकल हायस्कूल. आजचं बँडस्टँड डोळ्यांपुढे आणलं तर गंमत वाटते. नटांच्या बंगल्यांसमोर सेल्फी काढायला जी गर्दी जमते, तिच्यातल्या कितीजणांना माहीत असेल की शेजारी पोरांच्या हाती कानस देणारी शाळा निघाली होती?

मला भावतं ते नाव देण्यातलं धाडस. तेव्हा आग्नेलोंना रोमने कुठलीच पदवी दिलेली नव्हती. व्हॅटिकनने त्यांना ‘व्हेनरेबल’ म्हटलं ते 1986 मध्ये, म्हणजे आश्रम सुरू होऊन 29 वर्षं झाल्यावर. संतपदाच्या वाटेवरची ती अलीकडची पायरी. म्हणून या शाळांच्या पाटीवर ‘सेंट’ नाही, साधं ‘फादर’ आहे. आधी शाळेची पाटी लागली, रोमचा कागद मागाहून आला. आणि 1984 साली वांद्र्यातच इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तेव्हा त्याला रॉड्रिग्जांचं नाव मिळालं. ज्यांनी दुसऱ्याचं नाव लावलं, त्यांचं नाव तिसऱ्यांनी लावलं. आमच्याकडे संस्थाचालक हयात असतानाच त्यांचं नाव कमानीवर चढतं, त्यामानाने हा हिशेब बराच सावकाश.

कॅथलिक शाळेत वर्कशॉप ही कल्पना काही वांद्र्याला जन्मली नाही. इटलीत तुरिनला डॉन बॉस्कोंनी 1853 साली रस्त्यावरच्या पोरांसाठी चांभारकाम आणि शिवणकाम सुरू केलं, मागून पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना आला. त्यांचे सेलेशियन लोक 1928 मध्ये मुंबईत आले. एवढ्या लांबही जायला नको. आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी नई तालीम तिथे ठरली. वर्धा आम्हाला वांद्र्यापेक्षा किती जवळ! तरी आम्ही चरखा भाषणात ठेवला आणि टाय घरी आणला.

माझ्या वाट्याला टेक्निकल आलं ते तालुक्याच्या गावी. टेक्निकल घेतलं की एक भाषा सुटते, हे त्यातलं मुख्य आकर्षण. पहिला जॉब लोखंडी पट्टीचा एक तुकडा, त्याची धार सपाट करायची. व्हाइसमध्ये तुकडा आवळायचा, कानस दोन्ही हातांनी धरायची, पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा. सांगायला एवढंच. पण नवख्याचे हात झोके घेतात, कडा जास्त घासल्या जातात आणि मधे उंचवटा राहतो. सर धारेवर गुण्या ठेवत आणि तुकडा खिडकीकडे धरत.

"दिसतो का उजेड?"

"नाही सर."

मग ते तुकडा जरासा कलता करत. केसाएवढी पांढरी रेघ लखकन उमटे.

"मग हे काय, सूर्यनारायण?"

गुण्यापुढे वशिला चालत नाही. सरपंचाच्या पोराचीही रेघ दिसायची, सालदाराच्या पोराचीही. सुट्टीपर्यंत तळहाताला लोखंडाचा वास बसलेला असायचा आणि घरी आई म्हणायची, "साबणानं धू, मंग पोळीले हात लाव."

राशोलला त्या तरुणांसमोर बसून आग्नेलो तरी दुसरं काय करत असतील? मनाची धार उजेडाकडे धरायची आणि रेघ दिसली की पुन्हा घासायला लावायचं. टेक्निकल शाळेवर त्यांचं नाव पाहून आधी नवल वाटलं होतं, ते एवढ्यावर ओसरलं.

आता वाऱ्याची दिशा पुन्हा हातकामाकडे बदलली आहे. 2016 पासून सरकार अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना 20 लाखांपर्यंत अनुदान देतं. 2018 साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचं नाव आल्यापासून अशा योजनांची चर्चा आमच्याकडे जरा जास्तच. कॉन्व्हेंटांच्या फ्लेक्सवर रोबो आले, थ्रीडी प्रिंटर आले. मला आनंद आहे. फक्त किटमधले तुकडे आधीच सरळ कापलेले येतात, पोरांनी ते जोडायचे असतात, एवढं खटकतं.

ओळखीच्या एका संस्थाचालकांनी परवा लॅबसाठी सल्ला विचारला. टेक्निकलवाले म्हणून आमचा मान. मी म्हटलं, रोबो घ्याच, पण आधी सहा व्हाइस, डझनभर कानशी आणि दोन गुण्ये घ्या. स्वस्तात होईल.

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "भाऊ, पन यायचा फ्लेक्सवर फोटो बरा दिसन का?"