टफीचे भुंकणे

रामवाडीच्या एस.टी. विभागीय कार्यालयापलीकडे आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. त्यांच्या घरी पांढराशुभ्र, केसाळ, शेपटीचे वेटोळे पाठीवर मिरवणारा कुत्रा आहे. नाव टफी, १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील कुत्र्यावरून आजींनी ठेवलेले. लोक या जातीला पामेरियन म्हणतात. वस्तुतः हा भारतीय स्पिट्झ, इंग्रजी अमदानीत आलेल्या जर्मन स्पिट्झची इकडे रुळलेली शाखा.

या टफीचे आम्ही अपराधी आहोत.

गेल्या मे महिन्यात घरभेटीला गेलो असता तो फरशीवर पसरून धापा टाकीत होता. आम्ही अधिकारवाणीने म्हणालो, “आजी, एवढी लोकर कशाला? कापून टाका.” धर्मगुरूचा शब्द त्या घरी खाली पडत नाही. दुसऱ्याच दिवशी टफीची भादरणी झाली. आठवड्याभरात उन्हाने कातडी लालबुंद झाली आणि खाजवून जखमा झाल्या. पशुवैद्यांनी समजावले, की अशा कुत्र्यांचे केस दुहेरी असतात: वरचे राठ, आतले लोकरीसारखे. गळणारी लोकर विंचरून काढावी, भादरू नये. तेच आवरण थंडीप्रमाणे ऊनही अडवते. केस उगवले, पण पाठीवर अजून विरळच आहेत. आजींनी आम्हांला बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

प्रायश्चित्त म्हणून म्हणा, आम्ही या कुळाची माहिती वाचू लागलो. टफीचे उत्तरेकडील भाऊबंद शिकारी निघाले! नॉर्वेचा करडा एल्कहाउंड खांद्यापाशी जेमतेम ५२ सेंटीमीटर उंच, आणि त्याची शिकार म्हणजे घोड्याएवढे थोराड हरीण. नाकाने माग काढायचा, जनावर गाठायचे आणि शिकारी पोहोचेपर्यंत भुंकून भुंकून ते जागीच खिळवून ठेवायचे. आवाज हेच त्याचे हत्यार. (आपला कारवानी कुत्रा डोळ्यांनी हेरतो आणि पायांनी गाठतो, त्याला भुंकण्याची गरज नसते.) धनी दूर असल्याने निर्णयही त्याचा त्यालाच घ्यावा लागतो, म्हणून घरात पाळला की तो हट्टी वाटतो. फिनलंडचा तांबूस स्पिट्झ झाडावरील पक्ष्याकडे तोंड करून भुंकत राहतो. १९७९ पासून तो तेथील राष्ट्रीय कुत्रा आहे आणि उत्तम भुंकणाऱ्यांच्या स्पर्धाही तेथे भरतात.

रामवाडीत मात्र असे बक्षीस कोण देणार? यंदा शेजाऱ्यांनी तक्रार केली, की कुत्रा रात्रभर भुंकतो, त्याला कुठेतरी देऊन टाका. मध्यस्थीसाठी आम्हांला बोलावणे आले. रात्री गेलो, तर टफी आंब्याखाली उभा, मान वर, भुंकणे अखंड. टॉर्च मारला. फांदीवर उदमांजर बसले होते! आम्ही हर्षाने शेजाऱ्यांना फिनलंडची सगळी कथा ऐकवली. ते एस.टी.चे चालक. शांतपणे म्हणाले, “फादर, सगळं खरं. पण मला पहाटे पाचला गाडी काढायची असते.”

त्यांचेही खरेच होते. आता टफी संध्याकाळी मनसोक्त आंब्याखाली भुंकतो आणि रात्री नऊनंतर मागच्या खोलीत झोपतो. उदमांजराची रात्र निर्वेध झाली, ते पाड खाली टाकते. आम्ही रामवाडीला गेलो, की आजी न बोलता कंगवा आमच्या हाती देतात.