राउटरच्या यादीतले अनोळखी

घरात माणसं तीन: मी, हे आणि सासूबाई. राउटरच्या पानावर जोडलेली उपकरणं मात्र चौदा.

हे पान बघायची वेळ आली ती वेगळ्याच कारणानं. बंगळुरूच्या मुलाशी रात्री व्हिडिओ कॉल लावला की त्याचा चेहरा थिजायचा आणि आवाज तुटायचा. इंटरनेट कंपनीला फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, लाइन ओके आहे. तुमच्याकडेच लोड दिसतोय. कोण कोण जोडलंय ते एकदा बघून घ्या.” कुठे बघायचं ते विचारेपर्यंत त्यानं फोन ठेवला होता.

नाशिकच्या भाचीनं वाट दाखवली. “मावशी, राउटर उलटा करून बघ. खाली स्टिकर असेल.” स्टिकरवर १९२.१६८.१.१ असे आकडे होते. ते ब्राउझरमध्ये वर टाकायचे. मला वाटलं, कंपनीच्या वेबसाइटचा हा काहीतरी छुपा पत्ता असणार. तसं नव्हतं. हा पत्ता घराबाहेर जातच नाही. बाहेरची लाइन बंद असली तरी तो उघडतो, कारण तो टीव्हीशेजारी ठेवलेल्या त्या डबीचाच पत्ता आहे. एवढी गोष्ट डोक्यात बसायला मला बराच वेळ लागला. बसल्यावर कळलं की राउटर हा स्वतःच एक लहान कॉम्प्युटर आहे आणि त्याचा स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो. वायफायचा पासवर्ड निराळा.

तो वेगळा पासवर्ड स्टिकरवरच छापलेला होता. नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. वायफायला जोडलेला कुणीही माणूस या पानावर येऊन सगळं बदलू शकला असता, आम्हालाच बाहेर काढू शकला असता. ही भीती मनातली नाही. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमनं जगभरातले कॅमेरे, राउटर आणि रेकॉर्डर असेच काबीज केले होते. कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या, तो त्या एकेक करून लावून बघायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या उपकरणांच्या फौजेमुळे ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या. घराघरांतल्या अशा डब्यांतून एवढं घडू शकतं, हे वाचून मी यादी बघायच्या आधी तो पासवर्ड बदलला.

मग यादी. तिच्यात माणसांची नावं नसतात. प्रत्येक उपकरणापुढे बारा आकडे-अक्षरांची एक ओळख असते, तिला मॅक ॲड्रेस म्हणतात, आणि शेजारी असलंच तर एखादं अर्धवट नाव. ‘ईएसपी’पासून सुरू होणारं एक नाव बघून माझ्या पोटात गोळा आला. भाची म्हणाली, “घरात स्मार्ट प्लग आहे का गं?” होता, गीझरला लावलेला. त्याच्या आतली चिप एस्प्रेसिफ नावाच्या चिनी कंपनीची आणि ‘ईएसपी’ ही तिचीच खूण. एक नाव प्रिंटरचं निघालं. एक टीव्हीचं.

सर्वांत जास्त गोंधळ मोबाइलनं घातला. माझा फोन यादीत एका ओळखीनं दिसत होता, फोनच्या सेटिंगमध्ये भलतीच ओळख लिहिलेली. मॉल, स्टेशन, हॉटेल अशा ठिकाणी आपला माग काढता येऊ नये म्हणून हल्लीचे फोन वायफायला खरा मॅक ॲड्रेस न देता बनवलेला देतात. अँड्रॉइडमध्ये हे २०१९च्या सुमाराला आलं, आयफोनमध्ये २०२० साली. सोय चांगली आहे, पण यादी वाचणाऱ्या नवख्या माणसाला स्वतःचाच फोन परका वाटतो.

शेवटी उपाय सापडला तो साधा. घरातलं एकेक उपकरण बंद करायचं आणि कुठली ओळ गळते ते बघायचं. सासूबाई टॅबवर कीर्तन ऐकत होत्या, त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. एका कागदावर नावं लिहीत गेले. सगळं बंद करून झालं, फक्त मी वापरत होते तो लॅपटॉप चालू, तरी यादीत लॅपटॉपखेरीज पाच ओळी उरल्या. त्या आमच्या नव्हत्या.

भाचीचा पहिला प्रश्न होता, “वायफायचा पासवर्ड काय आहे?” लाइन जोडायला आलेल्या मुलानं ह्यांचा मोबाइल नंबर टाकला होता. लक्षात राहायला बरा, असं तो म्हणाल्याचं मला आठवतं. लाइन जोडणारे सगळ्यांकडे असंच करतात. पण हे सोसायटीचे खजिनदार आहेत. कमिटीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर खाली लिफ्टजवळच्या फलकावर लावलेले आहेत.

फलक नसता तरी फार फरक पडला नसता. सायबरआर्क या कंपनीतल्या इदो हूरविच या संशोधकानं २०२१ साली तेल अवीवमध्ये हिंडून ५,००० वायफाय जाळ्यांचे संकेत हवेतून टिपले आणि त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक जाळ्यांचे पासवर्ड शोधून काढले. तिथेही लोक मोबाइल नंबरच ठेवतात, म्हणून हे इतकं सोपं गेलं. मी आतापर्यंत समजत होते की चोर म्हणजे जिन्यात उभा राहून फोनवर एकेक पासवर्ड घालून बघणारा माणूस. खरं काम तसं चालत नाही. आपला फोन वायफायला जोडला जाताना राउटरशी त्याची जी देवाणघेवाण होते, ती हवेतून कुणालाही टिपता येते. तीत पासवर्ड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे पडताळण्यापुरता ऐवज असतो. तेवढा घेऊन माणूस निघून जातो आणि आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर, निवांत अंदाज लावत बसतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

मी हिशेब मांडला. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९नं. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला प्रचंड. पण गेम खेळणारी मुलं घेतात तसल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला काही लाख अंदाज तपासून होतात. काही तासांत ४०० कोटी संपतात. हे आकडे कागदावर समोर आल्यावर मला रागच आला. लाइन जोडणाऱ्या प्रत्येक मुलाला कंपनीनं हे एवढं शिकवायला काय हरकत आहे?

नवा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. मी एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले, मध्ये एक आकडा घातला. म्हण नाही, अभंग नाही, गाण्याची ओळ नाही. लोकांच्या तोंडी असलेलं सगळं कुणीतरी आधीच आपल्या यादीत घालून ठेवलेलं असतं. वायफायचं नावही बदललं. पासवर्डापासून किल्ली तयार होताना ते नावसुद्धा त्यात मिसळलं जातं, म्हणून सर्रास आढळणारं नाव ठेवलं तर आधी करून ठेवलेल्या आकडेमोडीचा चोराला उपयोग होतो. नव्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर येऊ दिला नाही.

‘सिक्युरिटी’ लिहिलेल्या चौकटीत डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असे पर्याय होते. यांतलं डब्ल्यूईपी २००१ पासूनच मोडलेलं आहे, तरी यादीत बसून आहे. डब्ल्यूपीए२ २००४ सालचं, डब्ल्यूपीए३ २०१८ सालचं. डब्ल्यूपीए३मध्ये तो घरी बसून अंदाज लावण्याचा मार्गच बंद केला आहे. आमच्या जुन्या प्रिंटरला ते समजेना, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिळून असलेला पर्याय ठेवला. नवा प्रिंटर येईपर्यंत त्या लांब पासवर्डावरच भिस्त.

त्याच पानावर डब्ल्यूपीएस नावाची एक खूण सुरू होती. पासवर्ड न टाकता, आठ आकडी पिन देऊन उपकरण जोडायची ही सोय. तिच्यावर मी भाचीला सर्वांत जास्त छळलं, कारण आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता आणि राउटरशी प्रत्यक्ष बोलत इतके पिन लावून बघणं कुणाला जमणार? उत्तर ऐकून थक्क झाले. आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, म्हणजे तो गणतीतून गेला. उरलेल्या सातांपैकी राउटर पहिले चार आधी तपासतो आणि ते चुकले तर तिथेच तसं कळवतो. म्हणजे पहिल्या चारांच्या १०,००० शक्यता आणि पुढच्या तिनांच्या १,०००. जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. दहा कोटींचे अकरा हजार! श्टेफान फीबॉक यानं २०११ साली ही खोट जगापुढे मांडली. नंतरचे बरेच राउटर चुकीच्या पिनांनंतर काही वेळ थांबतात, पण आपला थांबतो की नाही हे बघत बसण्यापेक्षा मी ती सोय बंद केली.

सोसायटीतल्या एकांनी वायफायचं नाव लपवून ठेवायला सांगितलं. ठेवलं नाही. आपण लपवलं तर आपलाच फोन जाईल तिथे त्या नावाला हाका मारत फिरतो. ठरावीक मॅक ॲड्रेसनाच आत घेण्याचाही फारसा उपयोग नाही, कारण ते हवेत उघड दिसतात आणि नकलताही येतात.

एवढा खटाटोप कशाला, थोडं नेट गेलं तर गेलं, असं हे म्हणाले. तेव्हा मी त्यांना २००८ची आठवण करून दिली. २६ जुलैला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. त्याचं वायफाय त्याच्या नकळत वापरलं गेलं होतं. सप्टेंबरात दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून गेला. बाहेरच्या जगाला मेल पाठवणारा दिसत नाही, लाइन कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. आमची लाइन ह्यांच्या नावावर आहे. हे गप्प झाले आणि प्रिंटर पुन्हा जोडायला बसले.

पासवर्ड बदलला त्याच संध्याकाळी बेल वाजली. वरच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी. “काकू, तुमचं वायफाय बंद आहे का?” लॉकडाउनमध्ये तिच्या ऑनलाइन शाळेसाठी आम्हीच पासवर्ड दिला होता. तिच्याकडून भावाकडे, भावाकडून त्याच्या मित्राकडे, क्यूआर कोड दाखवत तो पुढे गेला होता. पाचांतल्या तिघांचा असा छडा लागला. मला हायसं वाटलं आणि अवघडल्यासारखंही झालं. त्या मुलीला दारातून परत पाठवणं मला शक्य नव्हतं आणि तशी इच्छाही नव्हती.

राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ होतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण आमचा प्रिंटर, टीव्ही, लॅपटॉप दिसत नाहीत. ते सुरू करून तिला दिलं आणि तिच्या आईला सांगितलं, पासवर्ड दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. परीक्षा झाली की बदलणार, हेही सांगितलं. गेस्ट नेटवर्कवरून काही झालं तरी नाव आमचंच येणार. तरी ओळखीच्या पोरीसाठी तेवढी जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. उरलेले दोघे कोण होते ते कळलं नाही. ते पुन्हा यादीत आलेले नाहीत आणि मुलाचा चेहरा आता थिजत नाही.

राउटरचं सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होण्याची खूण मी शेवटी लावली. २०१७ साली बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२मध्येच खोट दाखवली होती, ती अशाच अपडेटनं बुजवावी लागली.

आता माझं लक्ष वॉचमनच्या केबिनकडे आहे. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा रेकॉर्डर तिथे आहे, आणि बसवल्यापासून त्याचा पासवर्ड बदललेला नाही असं सेक्रेटरींनी कबूल केलं. जिन्यातून येणारी-जाणारी सगळी माणसं त्यात दिसतात. कमिटीच्या येत्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या, असं मी लेखी दिलंय. फलकावर कुणाचे नंबर लावायचे आणि कुणाचे नाही, हेही त्याच कागदात आहे.