पथ्य आणि माया

१९३२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं आंतड्यांच्या ज्या दाहाचें वर्णन केलें, तोच आमच्या बारा वर्षांच्या पुतण्यास जडला आहे हें निश्चित होण्यासच कित्येक महिने गेले. आपल्याकडे आंतड्यांचा क्षयहि बराचसा असाच दिसतो. आणि क्षय असतां स्टेरॉइड दिलें तर तो भडकण्याचें भय, म्हणून डॉक्टरांची ही सावधगिरी.

पुढें त्यांनीं स्टेरॉइडऐवजीं निराळाच उपचार सांगितला: सहा ते आठ आठवडे केवळ पोषक पेय, दुसरा घांस नाहीं. मुलांचा दाह शमविण्यांत हा उपाय स्टेरॉइडच्या तोडीचा ठरला आहे. शिवाय स्टेरॉइड दीर्घकाळ चालल्यास उंची खुंटते, ती भीति येथें नाहीं. प्रौढास बरें व्हावयाचें असतें. मुलाला बरें होऊन वाढावयाचेंहि असतें. नंतर दाह दबून राहावा म्हणून औषध चालूं ठेवावें लागतें, तो भाग निराळा.

पण ज्या घरांत माया ताटांत वाढली जाते, तेथें हें पथ्य कोण सोसणार? आमच्या मातोश्री 'एवढासा मऊ भात काय बाधणार?' असें रोज विचारीत. वास जाऊं नये म्हणून वहिनी दार लावून स्वयंपाक करीत. वरणाची फोडणी तर बंदच झाली. पुतण्या मात्र प्याले मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरावर खुणा करी. तिसऱ्या आठवड्यांत पोटदुखी थांबली. त्या दिवशीं तो म्हणाला, "आई, फोडणी घाल ग. वास तरी घेऊं दे!"

वहिनींनीं दार उघडलें.