‘काही होत नाही’ म्हणू नका

कॅन्सरची शंका आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला माणूस अकोला, संभाजीनगर नाहीतर थेट मुंबईतलं परळचं टाटा हॉस्पिटल गाठतो. जाण्याआधी नि आल्यावर तो आम्हा नर्सबायांपुढे बसतो. तिथे आमच्या हातात सुई कमी, बोलणंच जास्त.

‘काही होत नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य मला अजिबात सोसत नाही. बोलणारा मोकळा होतो, ऐकणारा आणखी घाबरतो.

मोताळ्याकडचे एक आजोबा आले होते. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन खाऊन तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. मुलगा मला दाराशी गाठून म्हणाला, “बाबाले काही सांगू नका, मॅडम.” मी स्टूल ओढून आजोबांसमोर बसले आणि विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले, बाबा?” सांगण्याआधी रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारा, हे बेली, बकमन वगैरे डॉक्टरांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत मांडलं, त्यातली ही दुसरी पायरी. पहिली म्हणजे निवांत जागा. ती आमच्या ओपीडीत कुठून आणायची!

आजोबांचा शब्द नीट फुटेना. मुलगा मधेच बोलू लागला, त्याला हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “गाठ खराब हाये, माह्या ध्यानात आलं. तुकडा काढला का पसरते म्हन्तात?”

म्हणजे लपवायचं काही उरलंच नव्हतं. तपासणीसाठी तुकडा काढल्याने (बायोप्सीने) रोग पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, असं सरळ सांगितलं. मग खरा प्रश्न आला, “सोयाबीन सोंगाले येतो का मी?”

तोंडाच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन) लागलाच, तर बहुधा आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे जातात. मी तेही सांगितलं. सोंगणीचं बापलेकांनी माझ्यासमोरच ठरवलं. टाटाला जायचं तर मुंबईत राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे चौकशी करा म्हटलं. आजार तेवढाच होता, पण आजोबांनी तेव्हा कुठे चहा घेतला.

नातेवाइकांना विनंती दोनच: डॉक्टरांपुढे रुग्णाच्या वतीने बोलू नका, त्याला बोलू द्या. आणि रेशनकार्ड, आधार, तुकड्याचा रिपोर्ट झेरॉक्ससकट एकाच पिशवीत ठेवा.