पिंजऱ्याचा जमाखर्च

ससा पाळावा असे माझ्या मनात कधीच आले नव्हते. गोष्टीतला ससा मला पुरत होता. तो शर्यतीत झोपतो, सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो आणि पुस्तक मिटले की निमूट बसतो. परंतु २०२४ च्या दिवाळीत आमच्या मुलीने फटाके नकोत म्हणून त्यांचे पैसे मागून घेतले आणि फडके रोडवरची सकाळची गर्दी पाहून घरी परतल्यावर, फराळाच्या ताटावर बसूनच, या पैशांचे ससे आणायचे असे जाहीर केले. भाऊबीजेला कल्याणहून एका खोक्यातून दोन पांढरे ससे डोंबिवलीला आले. दोन्ही माद्याच आहेत, असे विकणाऱ्याने शपथेवर सांगितले. पत्नीने त्यांना ढवळी आणि पवळी म्हणायला सुरुवात केली आणि पिंजऱ्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

तयार पिंजरा २८०० रुपयांना होता. तारेच्या सहा चौकटींना एवढे पैसे! मी मुलीची एक अर्धी कोरी वही घेतली आणि उजव्या पानावर 'खर्च' असे मोठ्या अक्षरांत लिहिले. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. सहाही बाजू मिळून २७ चौरस फूट. जाळी तीन फूट पन्ह्याची मिळते, म्हणजे नऊ फुटांत एक इंचही वाया न जाता पिंजरा बसतो. पंच्याहत्तर रुपये फुटाप्रमाणे ६७५, बांधायच्या तारेचे ४०, एकूण ७१५. मला इतका आनंद कोणत्याही कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहितानासुद्धा झालेला नाही.

शाळा ठाण्याला, म्हणून जाळीही ठाण्यालाच, जांभळी नाक्याच्या बाजूला घेतली. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी स्वस्त होती, पण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि तो ती कुरतडतो, एवढे मला वाचून ठाऊक होते. म्हणून वेल्डिंगची, एक बाय दोन इंच घरांची जाळी पसंत केली. दुकानदार म्हणाला, "सर, तळाला बारीक घ्या, अर्धा बाय एक इंचाची. दोन फूट कापून देतो." ती १३५ रुपये फूट होती. दोन फुटांमागे १२० रुपये जास्त! तळाला मी गोणपाट अंथरणारच होतो. मी नको म्हटले आणि घरी येऊन वहीत लिहिले, 'जाळीत बचत १२०'.

गुंडाळी लोकलच्या लगेजच्या डब्यातून आणली. वेल्डिंगच्या जाळीला गुंडाळून राहणे मुळीच आवडत नाही. कळव्यापाशी दोरी सुटली आणि जाळी एका भाजीवाल्या बाईंच्या पाटीत जाऊन उघडली. बाईंनी माझ्या व्यवसायाची चौकशी केली. मास्तर आहे म्हटल्यावर "तरीच" एवढेच म्हणाल्या.

मग दाराची गोष्ट. पिंजऱ्याचे दार भोकाएवढे असून चालत नाही. चारी बाजूंनी ते भोकावर टेकावे लागते, म्हणजे भोकाहून मोठे हवे. कापलेल्या तुकड्याचे दार भोकातून खुशाल आत पडत होते. पुन्हा ठाणे. आता दुकानदार पाच फुटांखाली कापून देईना, ३७५ गेले. घरच्या पकडीने तार तुटेना, म्हणून कटर ३५०. लेंड्या आणि मूत झेलायला पत्र्याचा ट्रे ४५०. कापलेली टोके घासायला कानस ९०. ती आणण्यापूर्वीच एक टोक तळव्यात घुसले, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पट्टी १३०. रिक्षा १२०. एकूण २२३० झाले. तरीही ५७० रुपये वाचले होते, आणि हे मी घरात दिवसातून दोनदा सांगत होतो.

त्या दिवसांत मी मुलीला ऑस्ट्रेलियाची हकीकतही रंगवून सांगितली. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून आणवलेले दोन डझन ससे व्हिक्टोरियात सोडले. ते इतके वाढले की, १९०१ ते १९०७ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात अठराशे किलोमीटरांहून लांब तारेचे कुंपण घालावे लागले. आणि ते पुरे होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते. "त्यांना जमले नाही ते बाबांना जमले," असे मी म्हणालो. ती हसली.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी पवळी स्वतःच्या छातीचे केस उपटू लागली. आम्हांला वाटले, खरूज झाली. उद्या डॉक्टरांकडे नेऊ. ढवळी हा ढवळ्या होता, हे आम्हांला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कळले. पत्नीने हाक मारली. गोणपाट एका बाजूला गोळा झाले होते. कोपऱ्यात केसांच्या मऊ ढिगात दोन पिल्ले होती आणि खाली, पत्र्याच्या ट्रेमध्ये, चार. बोटाएवढी, लाल, एक केस नसलेली. ती जाळीच्या घरांतून खाली गेली होती.

मांजर पिल्लाला मानेला धरून परत आणते. सशीण आणत नाही. पवळी वरच बसून होती.

गार पडलेले पिल्लू लगेच मेले असे समजू नये, ऊब दिली तर काही जगतात. पत्नीने गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळली. मुलीने चारही पिल्ले स्वेटरच्या आत घेतली आणि भिंतीला टेकून बसली. अर्ध्या तासाने एकाने पाय झाडला. ते आम्ही वर ढिगात ठेवले. बाकीची तीन तिने सोडली नाहीत. शाळेची वेळ झाली, तेव्हा मी म्हणालो, "आता ठेव, बाळ."

"अजून गरम झाली नाहीत, बाबा," ती म्हणाली.

मोगऱ्याच्या कुंडीत ती पुरली. त्या दिवशी मी रजा काढली आणि ठाण्याला जाऊन बारीक जाळी आणली. पाच फुटांखाली नाहीच, ६७५ रुपये. दोन फूट तळाला लागली, उरलेली चारी बाजूंनी खालच्या अंगाला बांधली, कारण पिल्ले बाजूंनीही निसटतात. एकूण २९०५. रात्री आकडा लिहायला वही उघडली, तर खर्चाच्या पानावर माझ्या आधीच कुणीतरी लिहिले होते, 'पिल्ले ३'. रुपयांचा रकाना कोरा होता. अक्षर मुलीचे होते.

ढवळ्याला त्याच दिवशी वेगळे ठेवावे लागले, कारण व्यालेली सशीण त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. तीन दिवस तो आंघोळीच्या मोरीत राहिला. रविवारी त्याच्या पिंजऱ्यासाठी आम्ही दोघे जाळी आणायला गेलो. दुकानदाराने मला विचारले, "सर, तळाला कोणती देऊ?"

"बारीक," मुलगी म्हणाली. नर आहे, त्याला पिल्ले व्हायची नाहीत, हे मी सांगणार होतो. पण तिने पिशवीतून टेप काढून मापही घ्यायला सुरुवात केली होती.

या दुसऱ्या पिंजऱ्याला किती लागले, ते मी मोजले नाही. वही आता तिच्या दप्तरात असते.